नेटवरच्या फोनचा आवाज तुटतो, कॉल मध्येच कटतो: लँडलाइन सोडलेल्या दुकानदारांसाठी तपासणीचा क्रम

लक्षणं आधी सांगतो. यातलं तुमचं कुठलं ते ओळखा, म्हणजे निम्मी शोधाशोध इथंच संपेल.

– समोरचा म्हणतो "तुमचा आवाज तुटतोय", पण त्याचा आवाज तुम्हाला स्वच्छ येतो. किंवा याच्या उलट.
– घंटी वाजते, फोन उचलला जातो, पण एकालाच ऐकू येतं. दुसऱ्या बाजूला चिडीचूप.
– कॉल अर्ध्या मिनिटाच्या आसपास कटतो. घड्याळ लावलं तर दर वेळी ३२ सेकंद.
– तुम्ही केलेला फोन लागतो, बाहेरून येणारा येत नाही. आणि तुम्ही एक फोन केलात की पुढची दोन-चार मिनिटं येणारेही यायला लागतात.
– लाइट जाऊन आली की फोन मुका.
– बँकेच्या यंत्राला १ दाबा, २ दाबा, ते आपलं "कृपया पर्याय निवडा" म्हणतच राहतं.
– रात्री दोन-तीन वाजता फोन वाजतो, पडद्यावर १०० किंवा १००१ असा नंबर, उचलला तर कोणी नाही.

मी कोल्हापुरात इंटरकॉम आणि ईपीएबीएक्स (दुकानातले अनेक फोन एकमेकांना आणि बाहेरच्या लाइनला जोडणारं यंत्र) बसवायचं काम करतो. गेली काही वर्षं माझ्याकडे येणाऱ्या दहा तक्रारींतल्या सात-आठ याच असतात: तांब्याची लाइन सोडली, नेटवरचा फोन घेतला, पहिला आठवडा छान गेला आणि मग हे सुरू झालं. दुकानदाराचं पहिलं वाक्यही ठरलेलं असतं, "जुनाच बरा होता हो." जुना बरा का होता हे एकदा समजून घेतलं की पुढचं सोपं जातं.

जुन्या फोनला तुमच्या घरची वीज लागतच नव्हती. एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्यांवरून ४८ व्होल्ट त्याच दोन वायरींतून यायचे. गल्ली अंधारात असली तरी रिसिव्हर उचलला की टोन. मध्ये बिघडण्यासारखं काही नव्हतंच. बिघडलं तर खांबावर, नाहीतर डबीत, आणि ते लाइनमननं बघायचं. आता तुमचा आवाज फायबरच्या डब्यातून, राउटरमधून, कदाचित स्विचमधून, मग फोनच्या डबीतून जातो. चार डबे, चार अडॅप्टर, आणि चारही तुमच्या दुकानात. त्यामुळं दोष बहुतेक वेळा दुकानातच सापडतो. कंपनीला शिव्या घालायच्या आधी हे पचवायला लागतं. मलाही वेळ लागला.

तुमचा फोन कुठल्या जातीचा?

नेटवरचा फोन तीन तऱ्हांनी येतो आणि प्रत्येकाचं दुखणं वेगळं.

पहिला: फायबरच्या डब्यालाच मागं फोनचं भोक असतं आणि साधा फोन थेट तिथं लागतो. यात आवाजाची वाट कंपनीनं बहुतेक ठिकाणी तुमच्या इंटरनेटपासून वेगळी ठेवलेली असते. दुसरा: वेगळी डबी, आयपी फोन किंवा नेटवरचं पीबीएक्स (ईपीएबीएक्सचाच प्रकार), ज्यात युजरनेम-पासवर्ड भरून खातं चालू केलेलं असतं. तिसरा: मोबाइलवर किंवा कॉम्प्युटरवर अ‍ॅप.

पहिल्या जातीत असाल तर खालचा राउटरच्या सेटिंगचा सगळा भाग सोडून द्या. त्यात तुमच्या हातात काही नाही, उगाच काहीतरी बदलून नेट घालवाल. तिसऱ्या जातीत असाल आणि तक्रार फक्त "मोबाइलचा पडदा बंद असला की कॉल येत नाही" एवढीच असेल, तर मोबाइलच्या बॅटरी सेटिंगमध्ये त्या अ‍ॅपवरची बंधनं काढा. अँड्रॉइड वीज वाचवण्यासाठी अ‍ॅपला झोपवतं, झोपलेल्या अ‍ॅपला घंटी कशी ऐकू येणार? तुमचं काम इथंच झालं.

फुकटची तपासणी: कागद

फोनशेजारी दोन दिवस एक कागद ठेवा. प्रत्येक खराब कॉलला चार गोष्टी लिहा: वेळ, कॉल आला की केला, कुणाला नीट ऐकू आलं नाही, आणि किती सेकंदांनी कटला. लोक याला हसतात. पण मी मीटर काढायच्या आधी हाच कागद मागतो, कारण खराबी जर ठरलेल्या वेळी येत असेल तर वायरीचा दोष जवळजवळ बाद होतो. वायरीला घड्याळ कळत नाही. ठरलेल्या वेळी होणारी कटकट म्हणजे त्या वेळी दुकानात कुणीतरी काहीतरी करतंय.

मार्केट यार्डातल्या एका गुळाच्या अडतीत रोज सकाळी सौदे झाल्यावर तासभर फोन खराब व्हायचा. नेमका तोच तास गुजरातच्या व्यापाऱ्यांना भाव कळवायचा. शेठना पलीकडचं सगळं स्वच्छ ऐकू यायचं आणि पलीकडचा मात्र दर वेळी विचारायचा, "क्या बोला? फिरसे बोलो." त्यांनी राउटर बदलला, कंपनी बदलायची म्हणत होते. मी कागद ठेवायला लावला आणि तिसऱ्या दिवशी नुसता बसून राहिलो. सौदे संपले, तीन पोरं आत आली, तिघांनी ढेपा फोडून रंग दाखवणारे व्हिडिओ मोबाइलमध्ये काढलेले होते, आणि दुकानाच्या वाय-फायवर येताच तिघांचेही व्हॉट्सअ‍ॅप सुटले. गिऱ्हाइकांना माल दाखवत होते बिचारे. याचं पुढं काय केलं ते योग्य जागी सांगतो.

वीज आणि दिवे

आता उठा आणि डबे बघा. फायबरच्या डब्यावर 'पॉन' लिहिलेला दिवा हिरवा, स्थिर हवा. 'लॉस' नावाचा दिवा विझलेला हवा. तो लाल लुकलुकत असेल तर फायबरमधून उजेडच येत नाहीये, मग बाकीचं काही तपासू नका. फक्त वायर कुठं कपाटाखाली दाबली किंवा कोपऱ्यात काटकोनात मोडली नाही ना एवढं बघा आणि तक्रार नोंदवा. फायबर तांब्यासारखी दुमडायची नसते. वाटीच्या घेराएवढं वळण ठेवा. आणि एक: टोक काढून डोळ्यासमोर धरून "लाइट येतेय का" बघू नका. त्यातला लेझर डोळ्याला दिसत नाही, पण तो डोळ्यात जातोच.

'टेल' किंवा 'फोन' लिहिलेला दिवा वेगळा. नेटचा दिवा चालू आणि फोनचा बंद, याचा अर्थ नेट आहे पण फोनचं खातं जोडलं गेलेलं नाही. "नेट चालतंय म्हणजे फोनही चालायला हवा" असं म्हणू नका.

मग अडॅप्टर. डब्याच्या खाली किती व्होल्ट, किती अँपिअर लिहिलंय ते वाचा आणि अडॅप्टरवरचं वाचा. व्होल्ट तंतोतंत तेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त. राजारामपुरीतल्या एका दवाखान्यात दिवसातून पाच-सहा वेळा फोन बंद पडून आपोआप चालू व्हायचा. फायबरच्या डब्याला दीड अँपिअर हवे होते, आणि कुणीतरी कॅमेऱ्याचा एक अँपिअरचा अडॅप्टर लावला होता. पिन तीच बसते ना! काम कमी असेपर्यंत डबा चालतो, वाय-फायवर गर्दी झाली की वीज पुरत नाही, डबा मरतो आणि परत उठतो. कॉल मधल्या मध्ये जातो. दोष शोधायला दोन फेऱ्या गेल्या, घालवायला एक अडॅप्टर लागला.

लाइट जाऊन आली की फोन मुका, हे लक्षण असेल तर क्रमानं चालू करून बघा. सगळं बंद करा. आधी फक्त फायबरचा डबा चालू करा, दिवे स्थिर व्हायला तीनेक मिनिटं द्या. मग राउटर, दोन मिनिटं. मग फोनची डबी किंवा पीबीएक्स. शेवटी फोन. कारण असं की लाइट येताच चारही एकदम जागे होतात, फोनची डबी अर्ध्या मिनिटात तयार होते आणि खातं जोडायला बघते, पण तेव्हा नेटच आलेलं नसतं. काही डब्या दोन-तीनदा ठोठावून गप्प बसतात आणि बऱ्याच वेळानं परत प्रयत्न करतात. क्रमानं चालू केल्यावर ठीक होत असेल तर दोष सापडला. आता सगळ्या डब्यांना त्यांच्या व्होल्टचा (बहुधा बारा) छोटा यूपीएस घ्या, दीड-दोन हजारात येतो. मात्र चारही डब्यांना हवा. लोक राउटरला लावतात आणि फायबरचा डबा थेट भिंतीत ठेवतात, मग लाइट गेली की वाय-फाय दिसतं पण नेट नसतं.

साधा फोन, थेट भोकात

चार-पाचशे रुपयांचा वायरचा साधा फोन जवळ ठेवा. भिंतीतल्या सगळ्या वायरी काढून तो थेट डब्याच्या फोनच्या भोकात लावा. त्यावर आवाज स्वच्छ असेल तर नेट, खातं, कंपनी सगळं बरोबर. दोष दुकानातल्या जुन्या वायरीत, पॅरलल फोनमध्ये किंवा इंटरकॉममध्ये. जुन्या ब्रॉडबँडच्या वेळचा स्प्लिटर अजून मध्ये लटकत असतो, तो काढून टाका, आता त्याचं काही काम नाही. पावसाळ्यात ओल धरलेली डबी गुणगुण आणते. पॅरलल फोन तीन-चार असतील तर डबीला घंटी वाजवायची ताकद पुरत नाही. एक्स्चेंज दणदणीत होतं, ही डबी लहान आहे.

इथं माझी एक चूक सांगतो, म्हणजे तुम्ही करणार नाही. एका हार्डवेअरच्या दुकानात मालकांना जुने तिन्ही फोन आहे त्याच जागी हवे होते. मी नव्या डबीची वायर भिंतीतल्या जुन्या सॉकेटला दिली, म्हणजे तिन्ही फोन एकदम चालतील. जुनी लाइन सरेंडर केलीय असं मालकांनी सांगितलं होतं, आणि ते खरंही होतं, अर्ज दिला होता. पण खांबावरून येणारी वायर कुणी तोडली नव्हती. एक्स्चेंजचे ४८ व्होल्ट माझ्या डबीत मागून शिरले, आणि जुन्या नंबरावर कुणाचा तरी फोन आला तेव्हा घंटीचे सत्तर-ऐंशी व्होल्ट. डबीचं भोक तिथंच मेलं. तेव्हापासून नियम: जुन्या वायरिंगला हात लावायच्या आधी बाहेरून येणाऱ्या दोन्ही वायरी डबीतून सोडवायच्या, वेगवेगळ्या टेपनं गुंडाळायच्या, मग पुढं. रिसिव्हर लावून टोन येत नाही म्हणून लाइन मेली असं समजू नका.

वायरलेस फोन किंवा वाय-फायवरचा आयपी फोन असेल तर एक दिवस केबलनं जोडून बघा. आवाज सुधारला तर वाय-फाय दोषी. बाजारपेठेत शेजारच्या दहा दुकानांचं वाय-फाय एकाच पट्ट्यात ओरडत असतं. कॅशवरच्या फोनला केबलच ओढा, यावर मी वाद घालत नाही.

एक बारीक गोष्ट, बहुतेकांना उलटी वाटते: तुम्हाला तुमचाच आवाज घुमून परत ऐकू येत असेल, तर दोष बहुधा समोरच्याच्या टोकाला असतो. त्याच्या फोनमधून बाहेर पडलेला तुमचा आवाज त्याच्याच माइकमध्ये परत शिरतोय. एकाच गिऱ्हाइकाशी बोलताना होत असेल तर तुमच्याकडे काही खोलू नका. सगळ्यांशी होत असेल तर मात्र तुमच्याकडच्या डबीचा आवाज एक-दोन पायऱ्या कमी करा.

आवाज कुणाचा तुटतो?

हा माझ्या मते सगळ्यात कामाचा प्रश्न आहे, आणि कुणीच विचारत नाही. तुमचा आवाज समोरच्याला तुटका जात असेल तर तुमचा अपलोड अडलाय. समोरच्याचा तुम्हाला तुटका येत असेल तर डाउनलोड, नाहीतर त्याच्याकडचा घोटाळा. दोन्ही तुटत असेल तर बहुधा वाय-फाय किंवा लाइन.

"पण आमचं शंभर एमबीपीएसचं कनेक्शन आहे!" असेल. एका फोनला लागतं किती? आवाज पाठवायच्या नेहमीच्या जी.७११ पद्धतीनं एका दिशेला सेकंदाला साधारण ८७ किलोबिट. पाच जण एकदम बोलले तरी अर्धा एमबीपीएस पुरतो. फोनला रुंद रस्ता नको असतो, त्याला खोळंबा नको असतो. तुमचा आवाज वीस-वीस मिलिसेकंदांच्या तुकड्यांत जातो, सेकंदाला पन्नास तुकडे. व्हिडिओचा तुकडा उशिरा पोचला तर तो थांबून घेता येतो. आवाजाचा तुकडा उशिरा आला तर फेकून द्यावा लागतो, कारण बोलणं पुढं गेलेलं असतं. एका बाजूनं दीडशे मिलिसेकंदांच्या आत आवाज पोचला तर बोलताना काही जाणवत नाही. तुकडे शंभरातला एकही हरवू नये, आणि त्यांच्या येण्यात तीसेक मिलिसेकंदांपेक्षा जास्त मागंपुढं होऊ नये, हा माझा हिशेब.

म्हणून स्पीड टेस्ट बघून समाधान मानू नका. केबलनं जोडलेल्या कॉम्प्युटरवर, खराबीच्या नेमक्या वेळी, पिंग लावा, म्हणजे छोटा तुकडा पाठवून त्याचं उत्तर किती मिलिसेकंदांत येतं ते बघा. आधी स्वतःच्या राउटरला, बहुधा १९२.१६८.१.१. तिथं एक-दोन मिलिसेकंद यायला हवेत, एकसारखे. तिथंच आकडे उड्या मारत असतील तर दोष तुमच्या केबलीत, स्विचमध्ये किंवा राउटरमध्ये. बाहेर जाऊच नका. राउटरला स्थिर असेल तर ८.८.८.८ ला (हा गुगलच्या सर्व्हरचा पत्ता) लावा आणि दहा मिनिटं चालू द्या. शांत वेळी वीस-तीस येणारा आकडा गर्दीत तीनशे-चारशेवर जात असेल तर तुमचा अपलोड तुंबलाय. दुकानात सगळं बंद असतानाही तुकडे हरवत असतील तर तो कंपनीचा दोष, आणि त्या पडद्याचा फोटो काढून ठेवा, पुढं लागेल.

अपलोड तुंबवणारे नेहमीचे आरोपी: क्लाउडवर जाणारे कॅमेरे, संध्याकाळी टॅली बंद करताना सुटणारा बॅकअप, गुगल फोटोज, आणि व्हॉट्सअ‍ॅपचे व्हिडिओ. बॅकअप रात्री अकराला लावा, त्याला काही सौदा गाठायचा नसतो. राउटरमध्ये क्यूओएस किंवा बँडविड्थ कंट्रोल (कुणाचे तुकडे आधी सोडायचे ते ठरवणारी सोय) असेल तर मोजलेल्या अपलोडच्या ८५ टक्क्यांवर मर्यादा घाला आणि फोनच्या डबीला पहिला नंबर द्या. पूर्ण शंभर टक्के देऊ नका. रांग तुमच्या राउटरमध्ये लागली तरच तो फोनला पुढं काढू शकतो, बाहेर कंपनीच्या डब्यात लागली तर तुमच्या क्यूओएसला कोण विचारतो? गुळाच्या अडतीत मी एवढंच केलं. पोरांच्या मोबाइलना वेगळं गेस्ट वाय-फाय, त्याला अपलोडची मर्यादा, आणि फोनला अग्रक्रम. व्हिडिओ पोचायला पाच मिनिटं जास्त लागतात, कुणाच्या लक्षातही आलं नाही.

राउटरच्या आत

इथपासून पुढं फक्त दुसऱ्या जातीचे फोन, आणि एक अट: एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बदलण्याआधी पडद्याचा फोटो काढायचा, बदलल्यावर आत एक आणि बाहेर एक कॉल करून बघायचा. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि ठीक झालं, तर कशानं झालं कळत नाही; बिघडलं तर त्याहून वाईट.

पहिली गोष्ट, एसआयपी एएलजी. हे राउटरमधलं एक बटण असतं, बऱ्याच राउटरमध्ये आधीपासून चालू. फोनचं बोलणं सुरू होण्यापूर्वी डबी आणि कंपनीचा सर्व्हर यांच्यात चिठ्ठ्या जातात: मी अमुक, माझा आवाज तमुक पत्त्यावर पाठवा. एएलजी म्हणजे आगाऊ टपालवाला. प्रत्येक चिठ्ठी फोडतो, आपल्या समजुतीनं पत्ता खोडून नवा लिहितो, आणि पुष्कळदा चुकीचा लिहितो. ते बंद करा, राउटर रीस्टार्ट करा. एका बाजूनं आवाज, ३२ सेकंदांनी कटणं, येणारे कॉल न येणं, या तिन्ही तक्रारी माझ्या हाताखाली सगळ्यात जास्त वेळा या एका बटणानं गेल्या आहेत.

एकाच बाजूला ऐकू येणं म्हणजे नेमकं काय? तुमच्या डबीनं चिठ्ठीत आपला पत्ता १९२.१६८ असा काहीतरी लिहिला. तो फक्त दुकानातला पत्ता आहे. पाकिटावर "माडीवर, उजवीकडची खोली" एवढंच लिहून टपालात टाकलं तर पोचेल का? तुमचा आवाज जातो, कारण तुम्हाला त्यांचा पत्ता माहीत आहे. त्यांचा येत नाही. एएलजी बंद करूनही राहिलं तर फोनच्या डबीत 'नॅट' किंवा 'स्टन' नावाची सोय असते, ती चालू करायला कंपनीला सांगा.

आणि ३२ सेकंद? तो आकडा नियमातूनच येतो. फोन उचलला गेला की "उचलला" अशी चिठ्ठी जाते आणि तिची पोच परत यावी लागते, रजिस्टर्ड एडीसारखी. पोच आली नाही तर ती चिठ्ठी पुन्हा पुन्हा पाठवतात. ३२ सेकंद झाले तरी पोच नाही, म्हणजे पलीकडे कुणी नाही असं समजून कॉल तोडतात. मधल्या काळात तुम्ही आरामात बोलत असता! म्हणून ठरावीक ३२ सेकंदांनी कटणारा कॉल असेल तर वायरी, वीज, वेग यांत वेळ घालवू नका. पोच मध्येच अडतेय, दोष राउटरमध्ये किंवा फोनच्या सेटिंगमध्ये. वीसला, पन्नासला, दोन मिनिटांनी, वाट्टेल तेव्हा कटत असेल तर मात्र परत मागच्या पायऱ्यांवर जा.

"आम्ही केला की लागतो, आलेला येत नाही" यातही राउटरच. तुम्ही बाहेर काही पाठवलंत की राउटर त्या वाटेचं दार थोडा वेळ उघडं ठेवतो, मग आपोआप लावून घेतो. काही राउटर अर्ध्या मिनिटात लावतात. बाहेरून आलेला कॉल बंद दारावर आपटतो. फोनच्या डबीत 'कीप अलाइव्ह' वीस ते तीस सेकंदांवर ठेवा, म्हणजे ती अधूनमधून दार ढकलत राहील.

दोन राउटर एकामागं एक असतील, म्हणजे फायबरचा डबाही राउटरचं काम करतोय आणि तुम्ही विकत घेतलेलाही, तर पत्त्यांची अदलाबदल दोनदा होते. एकाला ब्रिज मोडमध्ये, म्हणजे पत्ते न बदलता नेट नुसतं पुढं सोडण्यावर, कंपनीकडून टाकून घ्या. राउटरच्या स्टेटस पानावर बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ मध्ये सुरू होत असेल तर कंपनीच्या टोकालाही एक मोठा राउटर बसलाय आणि तो पत्ता तुमच्या एकट्याचा नाही. पीबीएक्स दुकानात ठेवून बाहेरच्या शाखांचे फोन त्याला जोडायचे असतील तर स्थिर आयपी, म्हणजे न बदलणारा स्वतःचा बाहेरचा पत्ता, मागून घ्यावा लागेल.

कुठल्या तरी व्हिडिओत सांगतात म्हणून ५०६० नंबरचा पोर्ट (फोनच्या चिठ्ठ्या येण्याजाण्याचं दार) बाहेरून उघडा करू नका. रात्री दोनला १००१ वरून येणारी घंटी म्हणजे कुणी भूत नाही. उघडे पोर्ट शोधत फिरणारी यंत्रं असतात, ती तुमच्या डबीला ठोठावतात. उघडला असेल तर आजच बंद करा.

नंबर फिरवण्याचे घोटाळे

हे चटकन. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइल लावताना आधी शून्य लागतं. नेटवरच्या पीबीएक्समध्ये बाहेरची लाइन घ्यायलाही शून्य ठेवलेलं असेल तर पहिलं शून्य पीबीएक्स खातं आणि कॉल लागत नाही. माणूस दोनदा शून्य दाबतो तर यंत्राला ते आयएसडी वाटतं. बाहेरच्या लाइनला ९ ठेवा, नाहीतर मोबाइलच्या नंबराला शून्य आपोआप लागेल असा नियम घालून घ्या. बँकेचं यंत्र बटणं ओळखत नसेल तर डबीतला डीटीएमएफ (दाबलेल्या बटणांचे सूर पाठवायची पद्धत) 'इनबँड'वरून 'आरएफसी २८३३' वर आणा. नाहीतर बटणाचा सूर आवाजातूनच जातो, आणि आवाज दाबून पाठवला की सूर विद्रूप होतो.

फॅक्स, लिफ्टमधला आपत्कालीन फोन, चोरीची घंटा वाजली की आपोआप नंबर फिरवणारा डबा, यांना नेटवर आणण्याची घाई करू नका. ही जुन्या लाइनच्या भरवशावर बनवलेली यंत्रं आहेत. आणि लाइट गेल्यावर ११२ लागायला हवा, म्हणून दुकानात एक चार्ज केलेला मोबाइल कायम असू द्या.

जुना नंबर टिकवायचा असेल तर आधी विचारा, मग सरेंडरचा अर्ज द्या. पोर्टिंगची सोय आपल्याकडे मोबाइलला आहे, लँडलाइनला नाही. त्याच कंपनीत तांब्यावरून फायबरवर जाताना नंबर राहू शकतो. कंपनी बदलली तर पाटीवरचा, बिलबुकावरचा, पंचवीस वर्षं गिऱ्हाइकांच्या तोंडात बसलेला नंबर गेला. त्यावर पिंग लावून उपयोग नाही.

कुठं थांबायचं

'लॉस' दिवा लाल असेल तर पहिल्या पाच मिनिटांतच थांबा. फायबर जोडायला स्प्लायसिंगचं मशीन आणि पॉवर मीटर लागतो. मीटरवर आकडा वजा २७ डीबीएमच्या खाली गेला की डबा चाचपडायला लागतो, आणि ते घरून दुरुस्त होत नाही. डब्याला किंवा वायरीला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर थांबा आणि आधी वायरमनला बोलवून अर्थिंग बघून घ्या. जळका वास असेल तरी तेच.

बिलात न केलेले आयएसडी कॉल दिसले तर पीबीएक्सची नेटची केबल उपटा. आधी उपटा, मग विचार. कंपनीला सांगून आयएसडी बंद करून घ्या, आणि यंत्र जाणत्या माणसाकडून पूर्ण तपासून, सगळे पासवर्ड बदलूनच परत लावा. आत शिरलेला माणूस एका रात्रीत महिन्याभराचं बिल करतो.

कुणी सिमकार्डांचा डबा लावून परदेशातले कॉल स्वस्तात तुमच्या नेटवरून उतरवायची योजना घेऊन आला तर त्याला चहाही देऊ नका. २०१८ पासून इंटरनेट टेलिफोनी परवानाधारक कंपन्यांकडून रीतसर घेता येते. सिमच्या डब्याचं प्रकरण मात्र बेकायदा आहे आणि पोलीस जागेच्या मालकाला विचारतात.

आणि एएलजी बंद करून, कीप अलाइव्ह लावून, दोन दिवस बघूनही फरक नसेल तर थांबा. पुढचं काम दोन्ही बाजूंच्या चिठ्ठ्या पकडून वाचायचं आहे, त्याला माणूस बोलवा. येईल त्याला आधीच्या सेटिंगचे फोटो दाखवा, त्याचा अर्धा दिवस वाचेल आणि तुमचे अर्धे पैसे.

कंपनीला तक्रार देताना "फोन नीट चालत नाही" असं सांगू नका; ते डबा बंद करून चालू करा म्हणतील आणि तिकीट बंद करतील. कागद समोर धरून वाचा: "मंगळवारी ११.१० ते ११.५०, बाहेर केलेले चार कॉल, चारही वेळा आमचा आवाज तिकडे तुटला, त्यांचा स्वच्छ आला. दुकानातलं बाकी सगळं बंद होतं. केबलवर, राउटरपर्यंत पिंग एक मिलिसेकंद, त्यापुढं शंभरात सहा तुकडे हरवले. पडद्याचे फोटो आहेत." मग तक्रार क्रमांक मागा आणि त्याच कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा.